परदेशातली जुनी गाडी तुमच्या नावावर आणण्याआधी: नियम, खर्च आणि महिन्याच्या हजार रुपयांचा प्रश्न

तुम्ही वेलचेरीत राहता. रेशनकार्ड तामिळनाडूचे आहे आणि घरातल्या बाईच्या खात्यात दर महिन्याला कलैञर मगळिर उरिमै तोगै योजनेचे १००० रुपये जमा होतात. भाऊ मलेशियात, सिंगापुरात किंवा दुबईत नोकरीला आहे. एके दिवशी तो फोनवर म्हणतो, "ताई, माझी गाडी इथे मातीमोल भावाने विकण्यापेक्षा तुझ्याकडे पाठवून देतो. नाव तुझे घाल, मी आलो की वापरीन."

सांगलीच्या खानापूर-आटपाडी भागातून गलाईच्या धंद्यासाठी चेन्नईत आलेल्या कुटुंबांपासून आयटी कंपन्यांत हाउसकीपिंग आणि ड्रायव्हिंग करणाऱ्यांपर्यंत, ज्या घरातले एक माणूस परदेशात आहे त्या घरात हा फोन येऊ शकतो. हो म्हणण्याआधी दोन गोष्टी पाहून घ्या. ती गाडी कायद्याने भारतात येऊ शकते का? आणि ती तुमच्या नावावर झाली तर तुमच्या योजनेचे काय होते? बहुतेक जण पहिल्या प्रश्नात अडकतात आणि दुसरा प्रश्न हप्ता थांबल्यावर कळतो.

स्टिअरिंग कोणत्या बाजूला आहे?

भावाला सगळ्यात आधी हेच विचारा. परदेशातून भारतात आणायच्या जुन्या गाडीचे स्टिअरिंग उजव्या बाजूला असले पाहिजे, ही आयात धोरणातली अट आहे. संयुक्त अरब अमिराती, सौदी अरेबिया, ओमान, कतार, कुवेत, बहरीन या सगळ्या देशांत वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, म्हणून तिथल्या गाड्यांचे स्टिअरिंग डावीकडे असते. दुबईतला भाऊ असेल तर विषय इथेच संपला. गाडी कितीही नवी असो, कितीही स्वस्त असो, ती येणार नाही. गाडी इथे आणल्यावर स्टिअरिंग बदलून घेऊ असे कोणी एजंट सांगत असेल तर त्याच्याकडे पुन्हा जाऊ नका. अट गाडी बंदरावर उतरते तेव्हाची आहे, नंतरची नाही.

मलेशिया, सिंगापूर, थायलंड, जपान, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया या देशांत स्टिअरिंग आपल्यासारखे उजवीकडे असते. तिथल्या गाडीचा विचार पुढे करता येतो. पण "करता येतो" एवढेच.

तीन वर्षे, आणि फक्त मुंबई

जुन्या गाडीसाठीच्या अटी विदेश व्यापार महासंचालनालयाने ठरवल्या आहेत. गाडी बनल्याच्या तारखेपासून तीन वर्षांपेक्षा जुनी नसावी. इथे लोक हमखास चुकतात. मोजणी गाडी विकत घेतल्याच्या किंवा नोंदवल्याच्या दिवसापासून होत नाही, कारखान्यात बनल्याच्या तारखेपासून होते. शोरूममध्ये आठ महिने उभी राहिलेली गाडी कागदावर दोन वर्षांची दिसली, तरी नियमाच्या हिशेबाने ती पावणेतीन वर्षांची असते. जहाजाने यायला लागणारा वेळही त्याच तीन वर्षांत धरायचा.

सिंगापूरची गोष्ट वेगळी सांगावी लागते, कारण तिथल्या स्वस्त गाड्यांच्या जाहिराती मोबाइलवर फिरत असतात. तिथे गाडी ठेवण्याचा परवाना दहा वर्षांचा असतो. मुदत संपत आली की चांगल्या स्थितीतली गाडीसुद्धा मालक काढून टाकतात आणि ती दुसऱ्या देशांत विकली जाते. स्वस्तपणाचे कारण हे आहे. पण अशा गाडीचे वय सात-आठ-नऊ वर्षे असते, आणि आपली मर्यादा तीन वर्षांची आहे.

दुसरी मोठी अट बंदराची. चेन्नईला स्वतःचे मोठे बंदर आहे, नवी आयात केलेली गाडी तिथे उतरू शकते. जुनी गाडी मात्र मुंबईच्याच सीमाशुल्क बंदरातून आणावी लागते. म्हणजे मलाक्काच्या सामुद्रधुनीतून निघालेले जहाज चेन्नईच्या इतक्या जवळून जाणार आणि तुमची गाडी भारताला वळसा घालून अरबी समुद्रातल्या बंदरात उतरणार. तिथून ती ट्रकवर चढवून वेलचेरीला आणण्याचा खर्च तुमचा.

मुंबईत उतरली म्हणजे लगेच हातात आली असेही नाही. गाडी परदेशातून निघण्याआधी मान्यताप्राप्त तपासणी संस्थेचे प्रमाणपत्र हवे. इथे आल्यावर, सीमाशुल्क विभागाने सोडण्याआधी, ती पुन्हा तपासणीला द्यावी लागते. पुण्याची एआरएआय, अहिल्यानगरची (पूर्वीचे अहमदनगर) संरक्षण मंत्रालयाची व्हीआरडीई किंवा मध्य प्रदेशातल्या बुदनीची केंद्रीय शेतीयंत्र संस्था ही कामे करतात. गाडी मोटार वाहन कायद्यात आणि नियमांत बसते का, हे तिथे पाहिले जाते. धुराचे प्रमाण आयातीच्या दिवशी भारतात लागू असलेल्या मानकाइतके हवे, आणि एप्रिल २०२० पासून ते मानक बीएस-सहा आहे. स्पीडोमीटर किलोमीटरमध्ये हवा. हेडलाइटचा झोत डाव्या बाजूने चालणाऱ्या वाहतुकीसाठी बसवलेला हवा. गाडी आयातीपासून पुढची किमान पाच वर्षे रस्त्यावर चालण्याजोगी असावी आणि तेवढी वर्षे तिला देशात सर्व्हिसिंग मिळण्याची हमी असावी, असेही म्हटले आहे. मलेशियात घरोघरी दिसणारी, पण भारतात कंपनीचे एकही सर्व्हिस सेंटर नसलेली गाडी याच अटीपाशी अडते.

स्वतःच्या वापरासाठी आणताना व्यापाऱ्यांना लागणारा आयात-निर्यात कोड लागत नाही, एवढी एक सवलत आहे. मात्र बिल ऑफ एंट्री भरायला सहसा सीमाशुल्क दलाल घ्यावा लागतो. तपासणीला दिवस जातात, आणि बंदराने दिलेली मोफत मुदत संपली की जागेचे भाडे दिवसागणिक चढत राहते.

"माझे सामान म्हणून आणली तर?"

परदेशातून कायमचे परतणाऱ्यांना घरगुती सामानावर शुल्कात सवलत मिळते, म्हणून गाडीवरही मिळेल असा समज फार पसरलेला आहे. सीमाशुल्क कायदा १९६२ च्या कलम २(३) मध्ये प्रवाशाच्या सामानाची व्याख्या आहे आणि तिथेच लिहिले आहे की त्यात मोटार वाहन येत नाही. भाऊ दहा वर्षांनी परत आला, सोबत फ्रीज, टीव्ही, वॉशिंग मशीन आणले, त्यावर सवलत घेतली, तरी गाडीचा हिशेब वेगळा होतो. भेट म्हणून पाठवली तरी शुल्क माफ होत नाही.

बिल किती येते?

२०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात जुन्या मोटारींवरच्या शुल्काची मांडणी बदलली. मूळ सीमाशुल्क १२५ टक्क्यांवरून ७० टक्के झाले. त्या वेळी बऱ्याच ठिकाणी "परदेशी गाड्या स्वस्त" अशा बातम्या आल्या. पण त्याच वेळी ६७.५ टक्के कृषी पायाभूत सुविधा व विकास उपकर लावला गेला. ७० आणि ६७.५ मिळून १३७.५ टक्के. आधीचे शुल्क आणि त्यावरचा समाज कल्याण अधिभार मिळूनही तेवढेच होत होते. तुमच्या खिशाला काहीच फरक पडला नाही.

या सगळ्यावर पुन्हा जीएसटी लागतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान गाड्यांवर (चार मीटरपर्यंत लांबी, पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत किंवा डिझेल १५०० सीसीपर्यंत) तो १८ टक्के आहे, मोठ्या गाड्यांवर ४० टक्के.

समजा गाडीची किंमत, जहाजाचे भाडे आणि विमा धरून ७ लाख रुपये होतात. त्यावर मूळ शुल्क ४ लाख ९० हजार, उपकर ४ लाख ७२ हजार ५००. एकूण रक्कम झाली १६ लाख ६२ हजार ५००. लहान गाडी असेल तर त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे २ लाख ९९ हजार २५०. बेरीज १९ लाख ६१ हजार ७५०. मोठी गाडी असेल तर जीएसटीच ६ लाख ६५ हजार आणि बेरीज २३ लाख २७ हजार ५००.

आणि यात दलालाची फी, बंदराचे भाडे, तपासणीचा खर्च, मुंबई ते चेन्नई ट्रकभाडे आणि तामिळनाडूचा आजीवन वाहनकर धरलेला नाही. तामिळनाडूत नव्या मोटारीचा आजीवन कर किमतीनुसार १२ ते २० टक्क्यांपर्यंत जातो. विमा वेगळा.

भाऊ म्हणेल, "पावतीवर किंमत कमी दाखवू." हे करू नका. पावतीवरचा आकडा सीमाशुल्क अधिकाऱ्यांवर बंधनकारक नसतो. त्याच मॉडेलची नवी असतानाची किंमत पाहून, वयाप्रमाणे घट धरून ते स्वतः मूल्य ठरवू शकतात. खोटी पावती सापडली तर गाडी जप्त होऊ शकते आणि दंड ज्याच्या नावावर बिल ऑफ एंट्री आहे त्याला होतो. म्हणजे तुम्हाला.

नाव तुमचे, मग योजना?

समजा भावाकडे पैसे आहेत आणि तो सगळा खर्च करायला तयार आहे. तुम्हाला एक रुपयाही घालायचा नाही. तरीही तुमचे काहीतरी जाते.

मगळिर उरिमै तोगै योजना १५ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झाली. २१ वर्षे पूर्ण झालेल्या, कुटुंबप्रमुख असलेल्या महिलेला महिन्याला १००० रुपये मिळतात. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपेक्षा कमी आणि वर्षाचा वीजवापर ३६०० युनिटपेक्षा कमी असावा, अशा अटी आहेत. अपात्रतेच्या यादीत स्वतःच्या वापरासाठी कार, जीप, ट्रॅक्टर किंवा जड वाहन असलेली कुटुंबे आहेत. इथे कुटुंब म्हणजे रेशनकार्डावरची सगळी माणसे. गाडी तुमच्या नावावर नसून नवऱ्याच्या किंवा त्याच कार्डावरच्या दिराच्या नावावर असली तरी ती मोजली जाते. गाडी जुनी आहे, भेट मिळालेली आहे, महिनोन्महिने झाकून ठेवलेली आहे, याने काही बदलत नाही.

"गाडी माझी नाहीच, भावाची आहे, फक्त नाव माझे आहे," हे उत्तर बऱ्याच जणींना सुचते. ते देण्याआधी थांबा. हे वाक्य तुम्हाला एका अडचणीतून काढून दुसऱ्या, अधिक मोठ्या अडचणीत टाकते. पैसा एकाचा आणि मालकी दुसऱ्याच्या नावावर असली की बेनामी व्यवहार कायद्याचा प्रश्न उभा राहतो. हा कायदा घर-जमिनीपुरता नाही, गाडीसारख्या चल मालमत्तेलाही लागू आहे. नवरा-बायको आणि मुले यांच्यासाठी त्यात सूट आहे, पण बहीण-भावाच्या बाबतीत कागदावर दोघांची नावे संयुक्त मालक म्हणून असावी लागतात. बेनामी व्यवहार सिद्ध झाला तर मालमत्ता सरकारजमा होते आणि एक ते सात वर्षांची सक्तमजुरी सांगितलेली आहे. तेव्हा गाडी भावाने खरोखर भेट दिली असेल तर ती तुमची आहे आणि योजनेची अट लागते. भेट नसेल तर तुमचे नाव तिच्यावर असायलाच नको.

अपघाताचेही ध्यानात घ्या. भाऊ गाडी चालवतोय, विमा संपलेला आहे आणि कोणाला लागले, तर भरपाईचा दावा नोंदणी प्रमाणपत्रावरच्या मालकावर येतो. गाडी प्रत्यक्षात दुसऱ्याकडे होती हा बचाव चालत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे.

वीस लाखांचे बिल ऑफ एंट्री आणि अडीच लाखांच्या आतले उत्पन्न एकाच पॅनवर दिसले, तर आयकर खात्याचे पत्र येऊ शकते. भावाच्या भेटीवर कर नसतो. पण पैसे त्याच्याच खात्यातून गेले हे दाखवायला त्याच्या बँकेचे कागद लागतील, ते आधीच मागून ठेवा.

"मग गावी आईच्या नावावर करू"

ही युक्ती चेन्नईतल्या मराठी घरांत सर्रास निघते. गाडी आटपाडीला सासूच्या किंवा आईच्या नावावर नोंदवायची, म्हणजे इकडचे हजार रुपये वाचले. पण तिकडे आईला लाडकी बहीण योजनेचे १५०० रुपये मिळत असतील तर त्या योजनेतही कुटुंबातल्या कोणाच्या नावावर चारचाकी नसावी ही अट आहे. फरक एवढाच की महाराष्ट्रात ट्रॅक्टर त्यातून वगळला आहे, तामिळनाडूत नाही. प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीणमध्ये घरासाठी नाव लागले असेल, तर तिथेही तीनचाकी-चारचाकी मोटार वाहन असलेले कुटुंब अपात्र ठरते. म्हणजे तुमचे हजार वाचवताना आईचे दीड हजार आणि कदाचित घरकुलही गेले.

बहुतेक राज्यांतली वाहनांची नोंदणी 'वाहन' या एकाच प्रणालीत साठवलेली आहे. दुसऱ्या राज्यातली गाडी दिसणार नाही, या भरवशावर राहू नका.

स्वस्त एसयूव्ही आणि भूतानचा रस्ता

कोणी तुम्हाला परदेशातून आणायला सांगत नाही, पण "आधीच आलेली" परदेशी जीप किंवा एसयूव्ही निम्म्या किमतीत देतो म्हणतो. हा प्रकार दक्षिण भारतात अलीकडेच मोठ्या प्रमाणावर उघडकीस आला.

सप्टेंबर २०२५ मध्ये कोचीच्या सीमाशुल्क विभागाने 'ऑपरेशन नुमखोर' नावाची मोहीम काढली. नुमखोर हा भूतानच्या भाषेतला वाहनासाठीचा शब्द आहे. भूतानमध्ये वापरलेल्या गाड्या तिथे स्वस्तात विकत घेऊन, शुल्क न भरता सीमेवरून रस्त्याने भारतात आणायच्या, लष्कर आणि दूतावास यांच्या नावाचे बनावट कागद जोडायचे, हिमाचल प्रदेशासारख्या लांबच्या राज्यात नोंदणी करायची आणि मग केरळ, तामिळनाडूत विकायच्या, असा या टोळीवरचा आरोप आहे. पहिल्याच दिवशी केरळमध्ये तिसाहून अधिक गाड्या ताब्यात घेण्यात आल्या. पुढच्या महिन्यात सक्तवसुली संचालनालयाने केरळबरोबर तामिळनाडूतही झडत्या घेतल्या. ज्यांच्या अंगणातून गाड्या उचलल्या गेल्या त्यांत, आपण रीतसर पैसे मोजून घेतली असे म्हणणारे खरेदीदारही होते. गाडी सोडवायला त्यांना कोर्टात जावे लागले.

वर सांगितलेला नियम आठवा. जुनी गाडी फक्त मुंबईच्या बंदरातून येऊ शकते. तेव्हा भूतान किंवा नेपाळमधून रस्त्याने आलेली जुनी गाडी "सगळे कागद पक्के आहेत" म्हणून विकायला काढली असेल तर तिचे कागद पक्के असूच शकत नाहीत. विकणाऱ्याकडे दोन गोष्टी मागा: सीमाशुल्काची बिल ऑफ एंट्री आणि शुल्क भरल्याचे चलन. आयात गाडीच्या पहिल्या नोंदणीला आरटीओ सीमाशुल्क मंजुरीचे प्रमाणपत्र मागतेच, त्यामुळे खऱ्या मालकाकडे ते असते. नोंदणी क्रमांक 'एमपरिवहन' अॅपवर घालून पहिली नोंदणी कोणत्या राज्यात झाली ते पाहा. लांबच्या डोंगरी राज्यातली नोंदणी, मग ना हरकत प्रमाणपत्र घेऊन दक्षिणेत, आणि मधल्या मालकाचा पत्ता कोणालाच माहीत नाही, असा प्रवास दिसला तर व्यवहार सोडून द्या.

परदेशातून स्वतःच्या गाडीने भारत फिरायला आलेल्या पाहुण्याची गाडी विकत घेता येते का, असेही काही जण विचारतात. येत नाही. ती 'कार्ने' या कागदावर, परत नेण्याच्या अटीवर आलेली असते. २०२२ च्या केंद्रीय नियमांनुसार अशा गाडीतून इथले प्रवासी किंवा माल नेण्यालाही मनाई आहे.

"तुमची गाडी कस्टममध्ये अडकली आहे"

भाऊ परदेशात आहे हे कळले की असा फोन येतो. समोरचा हिंदीत किंवा इंग्रजीत अधिकाऱ्याच्या आवाजात बोलतो. भावाने तुमच्यासाठी गाडी पाठवली आहे, ४५ हजार भरले की सुटेल, आजच भरा, नाहीतर पोलीस येतील. सीमाशुल्क विभाग कोणाच्याही वैयक्तिक खात्यावर किंवा यूपीआयवर पैसे मागत नाही. विभागाच्या खऱ्या पत्रावर डीआयएन हा ओळख क्रमांक असतो आणि तो केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाच्या संकेतस्थळावर तपासता येतो. पत्र नाही, नुसता फोन आहे, तर आधी भावाला फोन करा. पैसे गेले असतील तर ताबडतोब १९३० वर तक्रार नोंदवा. पहिल्या तासाभरात कळवले तर रक्कम वाटेतच गोठवली जाण्याची शक्यता जास्त असते.

गाडी हवीच असेल तर

घरात आजारी माणूस आहे, रिक्षा परवडत नाही, गाडीची खरी गरज आहे, असे असू शकते. मग परदेशाचा नाद सोडून देशातलीच जुनी गाडी पाहा. चारचाकी म्हणून योजनेची अट तिलाही लागते हे गृहीत धरून हिशेब करा, पण वीस लाख तरी जाणार नाहीत.

महाराष्ट्रातून नातेवाइकाची गाडी वेलचेरीत आणत असाल तर मूळ आरटीओकडून फॉर्म २८ वर ना हरकत प्रमाणपत्र घ्या. दुसऱ्या राज्यात गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर तिथला नवा नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. त्यासाठी फॉर्म २७ आहे. मालक बदलणार असेल तर फॉर्म २९ आणि ३०. तामिळनाडूचा कर इथे भरावा लागतो आणि महाराष्ट्रात भरलेल्या कराच्या उरलेल्या भागाचा परतावा तिथे मागता येतो. परतावा आपोआप येत नाही, अर्ज करावा लागतो, आणि गाव सोडून आलेले बरेच जण तो करायचा राहूनच जातात.

चेन्नईतच घेत असाल तर एक स्थानिक गोष्ट. पावसाळ्यात मुसळधार पावसाचा इशारा आला की वेलचेरीतले लोक आपापल्या गाड्या उड्डाणपुलावर नेऊन रांगेने उभ्या करतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्या रांगांची छायाचित्रे देशभर गेली होती. २०१५ आणि २०२३ च्या डिसेंबरमधले पाणी ज्यांनी पाहिले त्यांना त्याचे नवल वाटत नाही. ज्या गाड्या पुलावर पोचल्या नाहीत त्यांतल्या काही नंतर धुऊनपुसून बाजारात येतात. सीटखालचा गालिचा उचलून वास घ्या, सीटबेल्ट पूर्ण ओढून त्याच्या टोकाला चिखलाची रेघ आहे का पाहा, आणि विमा कंपनीकडे दाव्याचा इतिहास विचारा.

गाडी नसतानाच हप्ता थांबला असेल तर

असेही होते. गाडी चार वर्षांपूर्वी विकली, पण घेणाऱ्याने नाव बदलून घेतले नाही, म्हणून नोंदीत ती अजून तुमचीच दिसते. किंवा टॅक्सी चालवणाऱ्या नवऱ्याच्या नावावर मालकाने कधीतरी गाडी घेतली होती. अशा वेळी तुमच्या आणि कुटुंबातल्या प्रत्येकाच्या नावावर नोंदीत काय दिसते ते आधी पाहा. विक्रीचा कागद, फॉर्म २९ ची प्रत, पैसे मिळाल्याची बँकेतली नोंद, जे असेल ते गोळा करा आणि आरटीओत नाव बदलण्याचा अर्ज द्या.

मगळिर उरिमै तोगै योजनेत अर्ज नाकारला गेल्याचा एसएमएस आला तर त्या दिवसापासून ३० दिवसांत ई-सेवै केंद्रातून अपील करता येते. ते महसूल विभागीय अधिकाऱ्याकडे जाते. अपिलासोबत गाडी तुमची नसल्याचे कागद जोडा. तमिळ वाचता येत नसेल तर केंद्रातल्या माणसाला अर्जातली कारणाची ओळ मोठ्याने वाचायला सांगा आणि तुम्ही सांगितलेलेच कारण तिथे लिहिले आहे याची खात्री झाल्यावरच अंगठा किंवा सही करा. पोचपावतीवरचा क्रमांक फोनमध्ये फोटो काढून ठेवा, कागद पावसात भिजतो.